दोरीचं दुसरं टोक

आजीच्या खाटेपासून निघालेली दोरी स्वयंपाकघरापर्यंत पुरायची, पुढे वीतभरही नाही. एक टोक आजीच्या धड असलेल्या हातात, दुसरं आत्याच्या मनगटाला. झटका बसला की आत्या हातातलं टाकून धावायची. लकव्याने आजीची वाचा गेली, तेव्हापासूनची ही रीत. "घरात लेक असताना परक्या हातचं पाणी? लोक तोंडात शेण घालतील!" म्हणत मोठ्या काकांनी आत्याचं ठरलेलं लग्नही मोडलं होतं.

मागच्या महिन्यात आजीला कुशीवर वळवता वळवता आत्याच कोसळली, ती उठलीच नाही. आजी झटके देत राहिली.

मग ते टोक टकळीच्या मनगटावर आलं. टकळी म्हणजे आत्याची दहावीतली भाची. तोंड सुरू झालं की कुणाच्या बापाला आवरायची नाही.

"काका, माझी शाळा?"

"शाळा कुठे पळून जातेय? आजी आहे तोवर कर."

"म्हणजे मी आजी मरायची वाट बघू?"

काकांनी हात उगारला. आई भांडी घासत राहिली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाबांनी डोळ्याचं भिंग काढलंच नाही.

आज सकाळी दारात सरकारी सेवाकेंद्राची परिचारिका आली. "अंथरुणाला खिळलेल्यांसाठी रोज माणूस पाठवतो. आंघोळ, औषध, कूस बदलणं, सगळं."

काका उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "आम्ही आमची माणसं सरकारच्या गळ्यात मारत नाही. आणि घरात कुणी आजारी नाही."

"बरं," म्हणत ती वळली.

टकळी स्वयंपाकघरातून धावली आणि मनगटाला हिसका बसला. दोरी संपली होती! काकांनी मारलेली गाठ दातांनीही सुटेना. तिने मागे पाहिलं. आजी तिच्याकडेच बघत होती. आजीने झटका दिला नाही. हळूहळू, एकेक करत, तिने बोटं उघडली.

दोरी फरफटवत टकळी उंबऱ्याशी पोचली. "ताई, थांबा! आजी आहे आजारी. आत्याही होती, आजीचं करता करता गेली. तिची कूस बदलायला कुणी नव्हतं."

"तोंड आवर! चार लोकांत..."

"काका, त्या चार लोकांतल्या एकाला तरी बोलवा ना आजीला उचलायला!"

बाबांनी भिंग काढून ठेवलं. "दादा," ते उठत म्हणाले, "बाजूला हो."

परिचारिका आत आली आणि आधी टकळीचं सोललेलं मनगट हातात धरून गाठ सोडायला बसली.

दप्तर घेऊन टकळी गल्लीतून निघाली. दोन्ही बाजूंना बंद दारं होती. यातल्या कुठल्या दाराआड कुणाची आत्या बांधलेली असेल? शाळेला उशीर होणारच होता. तिने पहिलं दार वाजवलं.