डाळिंबाच्या सालीवरचे घाव

मित्रांनो, मी कलमे बांधण्याचा एक जुना चाकू आहे आणि माझा जन्म मारहाणीत झाला. मोडक्या मालमोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा लोहाराने भट्टीत लालबुंद तापवला, ऐरणीवर धरला आणि हातोड्याने चेचून काढला. मग गार पाण्यात बुचकळला. ओरडायला मला तोंड नव्हते, नुसता फुत्कारलो. पुढे दगडावर मरेस्तोवर घासले, तेव्हा कुठे धार आली.

मला घेणारी बाई रोपवाटिकेत कामाला होती. तिच्या मुठीत मी कापतच राहिलो. फांदीचा गळा चिरायचा, दुसऱ्या झाडाच्या जखमेत तिचे टोक खुपसायचे, वर पट्टी आवळायची. ऐकायला कसाईकाम वाटेल, पण आमच्या हातून गेलेली झाडे फळांनी वाकत. लोक तिचे कौतुक करत आणि ती माझे. घरामागच्या अंगणातले डाळिंब तिनेच लावले होते.

ती वारली आणि मी स्वयंपाकघराच्या खणात पडलो. कधी पार्सलची दोरी कापली. एकदा डब्याचे झाकण उचकटताना माझे टोक मोडले. अंगावर गंज चढला, तरी कोणी विचारले नाही.

मग एका दुपारी गारपीट झाली. पत्रे फुटले. अंगणात उतरलेली चिमणी जागीच ठार झाली. डाळिंबावर एक पान उरले नाही.

पुढे महिने गेले तरी नवी पालवी फुटेना. तिच्या थोरल्या मुलाने, दादाने, तिथे फरशी टाकायचे ठरवले. तो कुऱ्हाड घेऊन अंगणात उतरला, तेव्हा त्याच्या धाकट्या बहिणीने, ताईने, खण उचकटून मला उचलले.

"बाजूला हो," दादा म्हणाला. "मेलंय ते. कितीदा साल खरवडून बघितली, आत हिरवं काहीच नाही, नुसतं लाकूड."

"आईचं झाड आहे. मला नीट बघू दे."

"मेलेल्याला अजून किती खरवडणार?"

"तुझं डोकं खरवडलं ना, तर तिथेही हिरवं निघायचं नाही!"

दादाने कुऱ्हाड हाणली. ती ताईच्या खांद्याजवळून गेली आणि वरच्या फांदीत रुतली. ताईने दांडा धरला, दादाने तिचे मनगट पिरगळले आणि त्या झटापटीत माझे पाते त्याच्या तळव्यात शिरले. खोडावर रक्त उडाले.

"हात कापलास माझा!"

"तू माझी मानच कापत होतास की!"

बाबा धावत आले. "आईच्या झाडाखाली मुडदे पाडा एकमेकांचे! फरशी मग मीच टाकतो, दोघांवर!"

बाबांनी दादाच्या हाताला टॉवेल गुंडाळला. तेवढ्यात ताई आईसारखी शेंड्यापासून झाड तपासत खाली येऊ लागली. शेंडा वाकवला, कटकन मोडला. खालची फांदीही मोडली. छातीच्या उंचीवर येताच तिचा हात थांबला.

तिथे खोडाभोवती साल उरलीच नव्हती. एका बाजूला बाबांच्या नखांचे ओरखडे, दुसरीकडे दादाच्या किल्लीचे, पलीकडे तिच्या स्वतःच्या चमच्याचे. प्रत्येकाने आधीची जखम दुखू नये म्हणून शेजारची जागा धरली होती. जखमांचे कडे पूर्ण झाले होते. आतले लाकूडही खोलवर सोलले जाऊन वाळले होते; मुळांचे पाणी वर चढायला वाटच उरली नव्हती.

"मी रोज सकाळी बघायचो रे," बाबा हळूच म्हणाले. "जिवंत आहे का, एवढंच."

दादा खाली बसला. "मग गारांनी नाही मेलं. आपणच गळा आवळला त्याचा."

ताईने गुडघे टेकले. कड्याच्या खूप खाली, मातीजवळ, तिने माझ्या पात्याने साल नखाएवढी खरवडली. आत हिरवे होते, ओले होते. माझ्या गंजावर रस लागला.

"आता?" दादाने विचारले.

"आता कापायचं."

"मग मघाशी मी काय नाचत होतो?"

"कुठून कापायचं ते न बघता नाचत होतास."

टॉवेल गुंडाळलेल्या हाताने दादाने करवत धरली. करवत किंचाळली, लाकडाचा भुसा उडाला, आणि कड्यासकट वरचे सगळे झाड धाडकन कोसळले. मागे गुडघाभर खुंट उरला. बाबांनी तोंड फिरवले.

ऊन-पाऊस सोसत तो खुंट बराच काळ तसाच उभा होता. मग एका सकाळी बुडाशी तांबूस कोंब दिसला. बाबा नख पुढे करून वाकले, तसा दादाने त्यांचा हात पकडला. "बाबा, हात मागे!" त्या दिवशी घरात कितीतरी दिवसांनी हसणे ऐकू आले.

मित्रांनो, माझे सगळे आयुष्य कापण्यात गेले, म्हणून सांगतो. एखादे झाड मलूल दिसले तर शेंड्यापासून खाली बघत या, हिरवे दिसताच थांबा, मेलेला भाग निर्दयपणे कापा. पण ते जगते आहे का, हे पाहण्यासाठी त्याला रोज नवी जखम देऊ नका. पाणी घाला आणि हात पाठीशी बांधून उभे राहा.