लीलाताईंची खिरापत

झाशीत भोंडला म्हणजे लीलाताई, हे तिथल्या मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक होतं. पोस्टातली नोकरी सांभाळून दर नवरात्रात त्या पाटावर हत्ती काढायच्या, मुली गोळा करायच्या आणि खिरापत अशी करायच्या की डबा कितीही हलवा, कुणाची ओळखायची टाप नसे. त्याचा त्यांना भारी तोरा होता.

यंदा मात्र पंचाईत झाली. दरवर्षी येणाऱ्या वामनरावांच्या मुली पुण्याला गेल्या आणि लीलाताईंची भाची जानकी धरून उरल्या तीन. तिघींनी फेर धरला तर हत्तीवर पहारा बसवल्यासारखं दिसलं असतं. एकदा मोडलेला भोंडला पुन्हा उभा राहत नाही, या धास्तीने लीलाताईंना घास गोड लागेना.

"शेजारच्या फुलवाला बोलाव, तिच्या मैत्रिणींनाही," त्या जानकीला म्हणाल्या.

"वो नहीं आएगी, आत्या. तू तिला दारातून परत पाठवलंस ना!"

खरंच होतं ते. पितृपक्षात बुंदेली मुली मामुलिया घेऊन दारोदार फिरत होत्या. बोरीची काटेरी फांदी, काट्याकाट्यावर फूल आणि सोबत गाणी. पितरांच्या दिवसांत गाणी, त्यातून घरात काटे! लीलाताईंनी दार लावून घेतलं होतं. मुली हिरमुसून गेल्या. अख्खा जन्म झाशीत काढला, पण ती फांदी त्यांनी कधी धड पाहिलीही नव्हती. आता मात्र त्यांना मनापासून लाज वाटली.

त्या स्वतः फुलवाच्या घरी गेल्या. फुलवाने आईच्या पाठीमागून यायची अट घातली, "पैलें आप मामुलिया सजाओ, तब हम आहें."

"उसके दिन तो निकल गए ना?"

"सीखबे में का दिन-बार, बिन्नू?" बहिणीला म्हणावं तशी तिची आई रामकुँवर हसून म्हणाली.

मग लीलाताईंच्याच अंगणात फांदी रोवली गेली आणि फुलवा झाली मास्तरीण. पहिल्याच काट्याला लीलाताई "आई गं!" करून ओरडल्या, तशा मुली खिदळल्या. फुलवाने त्यांचं बोट धरून फूल खोवायला शिकवलं. मराठी गाणं पुटपुटणारी जानकी बुंदेली गाणं खड्या आवाजात म्हणू लागली. फुलवाने तर हत्तीची गाणी पाठ करून जानकीच्याच चुका काढल्या. मग काय, जानकीही इरेला पेटली.

अष्टमीला अंगण भरलं. पाटावर हत्ती, शेजारी फुलांची फांदी, भोवती मुलींचा मोठा फेर. दोन्हीकडची गाणी झाली आणि शेवटी डबा आला.

"लाडू? वडी? साटोरी?" जानकी विचारून थकली. लीलाताई नाही नाही म्हणत मान हलवत होत्या. फुलवाने डबा हलवलाच नाही, नाकाशी नेला.

"लटा! महुए को लटा! हमाई अम्मा बनाउत!"

रामकुँवर तोंडाला पदर लावून हसत होती. मोहाची फुलं भाजून कुटायला लीलाताईंना तिनेच तर शिकवलं होतं.

इतक्या वर्षांत लीलाताई पहिल्यांदा हरल्या, आणि त्यांचे डोळे आनंदाने भरून आले. डबा फुलवाच्या हाती देत त्या म्हणाल्या, "बाँट सबको. और अगले साल मामुलिया पहले हमारे दरवाज़े लाना. फूल मैं तोड़ के रखूँगी."