दादाचं विमान आणि माझी मोटर

या, असे जवळ येऊन बसा. घाई नको. एका विमानाची गोष्ट सांगतो. त्यात माणूस बसत नव्हता, पण माझ्या भावाचा जीव त्यात बसला होता.

दादा सुतार. कपाटं-दारं करून हात मोकळे झाले की मागच्या खोलीत विमान करायचा. चार वर्षं खपला. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन मीटर. जमिनीवर उभं राहून रिमोटनं उडवायचं ते. सगळं झालं, प्रश्न एकच राहिला: याला ओढणार कोण? पेट्रोलचं इंजिन, की बॅटरीवरची मोटर?

"इंजिन," दादा म्हणाला.

"ती फटफटी? थरथरून सांधे ढिले होतील, सगळं तेलकट होईल. मी जन्मभर जळक्या मोटरींना नवी तार भरतोय, आणि माझ्याच भावाच्या विमानाला इंजिन? लोक हसतील."

"लोकांना उडवायचंय का?"

मी कागदच पुढे केला. वजन अकरा किलो, पंख्याची ओढ किती, बॅटरी पुढे-मागे सरकवून तोल कसा साधायचा, सगळं मांडलेलं. एकही आकडा चुकला नव्हता. आजही चुकलेला नाही.

दादानं कागद लांब धरला, जवळ धरला आणि ठेवून दिला. "इंजिन बोलतं रे," एवढंच म्हणाला.

"बोलायला वहिनी आहेत की घरात!"

वहिनी हसल्या नाहीत. "भाऊजी, त्यांना हवं ते बसवू द्या ना."

"वहिनी, यातलं तुम्हाला काय कळतं?"

देवानं चार अक्षरं दिली, त्यांच्याबरोबर ही जीभही दिली.

"बसव बाबा तुझी मोटर," शेवटी दादा म्हणाला.

रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर विमान अलगद उठलं. मी टाळ्या पिटल्या. पहिलं वळण सुरेख झालं. मग ते वाऱ्याबरोबर लांब गेलं, मोटरची बारीक सूंसूं विरली, आणि दादानं मान तिरकी करून कान लावला.

"कुठंय?"

"समोर तर आहे! थट्टा करतोस का?"

"वर चाललंय की खाली?"

तेव्हा मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते भलत्याच ढगावर लागले होते.

"खाली! ओढ, दादा, वर ओढ!"

त्यानं ओढलं तोवर चार वर्षांच्या काटक्या झाल्या होत्या.

घरी वहिनींनी सांगितलं. वर्षभर त्याची नजर जात चालली होती, उपाय नव्हता. जुनं छोटं विमान तो आवाजावरच उडवायचा. चढताना इंजिन कण्हतं, उतरताना मोकळं होतं, त्यावरून त्याला सगळं कळायचं.

"मग मला का नाही सांगितलं?"

"म्हणाले, धाकट्याला कळलं तर तो रिमोट हातात देणार नाही."

खरं होतं. नसताच दिला.

दादा पुढे सहा वर्षं होता. विमानाच्या लाकडाला पुन्हा हात लावला नाही. एकदाच म्हणाला, "मोटर मात्र छान होती तुझी." होतीच. तिला ओरखडासुद्धा आला नव्हता. अजून माझ्या टेबलावर आहे, फिरवली तर फिरते.

मी कीर्तनात पुढच्या रांगेत बसणारा, बुवांच्या एकेका शब्दावर डोलणारा. जगाचं ऐकायला गेलो, भावाचं ऐकलं नाही.

आता उठण्याआधी एकच मागणं. कुठं एखादं इंजिन फटफटताना कानावर आलं, तर तोंड वाकडं करू नका. क्षणभर थांबा, आणि माझ्या दादाची आठवण काढा.