किर्यूचं बंद न्हाणीघर

शिओरी नागुमो रिकाम्या खोल्यांचे फोटो काढायची. भयपटात असतात तसे: लांबलचक बोळ, अर्धवट उघडं दार, पिवळट दिवा आणि माणसाचा पत्ता नाही. दोन पुस्तकं निघाली होती. बघणारे टरकायचेही. तिला स्वतःला मात्र आताशा कशाची भीतीच वाटेनाशी झाली होती. नुसता कंटाळा यायचा.

तिसऱ्या पुस्तकासाठी तिनं जपानमधल्याच किर्यू गावातलं एक बंद पडलेलं सार्वजनिक न्हाणीघर हेरून ठेवलं होतं. भिंतींवर काळी बुरशी, आरशांवर डाग, हौदाच्या तळाशी वाळका पाला. मालकीणबाई, कुरामोची आडनावाच्या आजी, लगेच तयार झाल्या. पण शिओरी कॅमेरा घेऊन पोचली, तर सगळं लख्ख!

"आजी, हे काय केलंत?"

"अगं, फोटो काढणार म्हणालीस ना! आठवडाभर घासतेय. कंबरेचा पार काटा ढिला झाला."

शिओरीला रडूच कोसळायचं बाकी होतं. बुरशीच हवी होती, हे आता कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं खिडक्या झाकल्या, फरशीवर पाणी ओतलं. मागोमाग आजी फडकं घेऊन हजर.

"पाय घसरेल ना गं कुणाचा!"

शिओरी दमून भिंतीला टेकली. "आजी, मला भीती वाटेल असा फोटो हवाय."

"मग आधी नाही का बोलायचं?" बुटकी स्टुलं ओळीत लावत आजी म्हणाल्या. "मला तर इथे रोज वाटायची. बंद करायच्या आधी सगळं मांडून ठेवायचं आणि कुणी यायचंच नाही. आताही तसंच वाटलं, म्हणून तर घासत बसले. हात चालू असला की बरं."

शिओरीनं खिडक्या उघडल्या आणि तोच फोटो काढला: भरपूर उजेड, ओळीनं स्टुलं, प्रत्येकापुढे पालथं घातलेलं टमरेल.

"यात भूत कुठाय? साबणाची जाहिरात वाटतेय," संपादक म्हणाला आणि त्यानं फोटो गाळला. वाद घालायचं तिच्यात त्राण नव्हतं. तिनं तो चौकटीत बसवून आजींना पाठवून दिला.

काही दिवसांनी आजींचा फोन आला. "भाजीवाल्याकडे नेऊन दाखवला गं. सगळे विचारतायत, पुन्हा कधी उघडताय?"

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, बघू. तू ये एकदा, कॅमेऱ्याशिवाय. पाणी तापवते."

शिओरी मार्चमध्ये गेली. एवढ्या मोठ्या हौदात एकटीच गळ्यापर्यंत बुडून बसली.

"फार कढत नाही ना?" आजींनी दाराबाहेरून विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.