दाराच्या फटीतली बोटं

कापूस वेचायला पहाटे निघायचं, तर लहान लेकराचं काय करायचं? हा प्रश्न आपल्या भागात घरोघर आहे. कोणी लेकरू आजीजवळ ठेवतं, कोणी पाठीशी बांधून नेतं. हिंगणीच्या रूपरावने आपल्या घरापुरतं त्याचं उत्तर शोधलं होतं. तो आणि त्याची बायको जयवंता शेतात निघाली, की पाच वर्षांची लीला घरात राहायची. जवळ पाण्याचा गडवा, फडक्यात भाकर आणि दाराला बाहेरून कडी.

दिवस कलला की त्या दाराच्या फटीतून चार बोटं बाहेर यायची. आवाज नाही, रडणं नाही, नुसती बोटं. गल्लीतले लोक ती पाहायचे आणि आपापल्या घरी जायचे.

रूपराव निर्दय नव्हता. मागच्या पोळ्याला त्याचा मोठा मुलगा हरिदास नहरात, म्हणजे कालव्यात, बुडाला होता. बाप बैल धुवायला नहरावर गेला, म्हणून तोही दुसऱ्या दिवशीच्या, लेकरांच्या तान्ह्या पोळ्याचा आपला लाकडी बैल धुवायला निघाला. थोडं खालच्या अंगाला गेला, सोबत लीला. बैल हातून सुटला, धरायला पोरगा वाकला आणि गेला. लाकडी बैल तेवढा तरंगत सापडला. त्या दुपारी रूपरावने लीलाचे खांदे धरून तिला गदागदा हलवलं होतं.

"काऊन नाई ओरडली तू? काऊन नाई ओरडली?"

त्या दिवसापासून लीलाच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. रूपरावने लाकडी बैल आढ्यावर ठेवला, दाराला कडी बसवली आणि उरलेलं लेकरू वाचवलं, असं समजून तो शेतात राबत राहिला.

गावात त्या वर्षी सुलोचनाबाई नावाच्या बालवाडीच्या बाई आल्या. वर्ध्याला त्या लहान मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास करून आल्या होत्या. एके दिवशी त्यांना ती बोटं दिसली. त्या दाराशी बसल्या, आपलं बोट त्या बोटांना लावलं आणि रूपराव येईपर्यंत हलल्या नाहीत.

"रूपराव, पोरीला माझ्याकडे पाठवा."

"नहर आहे बाई तिकडं. माहा एक गेला. आता दुसरी घालवू का?"

"नहरापासून वाचवलीत. पण ती आत काय करते, ते पाहिलंत का कधी?"

"काय करन? बसून राह्यते गुमान."

"तेच म्हणते मी! या वयाचं लेकरू गुमान बसतं, म्हणजे त्याच्या पोटात काही अडकलंय. मोठी माणसं दुःख बोलून काढतात. लेकरू खेळून काढतं. खेळायलाच मिळालं नाही, तर ते कुठून निघेल?"

जयवंता चुलीजवळून म्हणाली, "बाई, माही पोरगी बोलन का हो?"

"बोलेल असं वचन नाही देत. पण असंच ठेवलं तर बोलणं विसरेल, हे सांगते. आणि एक अट आहे. तुम्ही दोघांनीही यायचं. पोरीसोबत जमिनीवर बसून खेळायचं."

"मी? मी खेळू?" रूपरावला हसावं की चिडावं कळेना.

"तुम्हीच. ती सांगेल तसं करायचं. शिकवायचं नाही, रागवायचं नाही."

बाजाराच्या दिवशी शेताला सुट्टी. त्या दिवशी तिघं बालवाडीच्या अंगणात गेली. बाईंनी ओली माती, करवंट्या, चिंध्यांच्या बाहुल्या मांडल्या होत्या. लीला कोपऱ्यात बसली. तिने मातीचं घर केलं. बाहुली आत घातली आणि वरून माती थापून दार बुजवलं.

"असं नाई वं, दार ठेव," रूपरावचा हात पुढे झाला.

"रूपराव!" बाईंनी नजरेनेच दटावलं. "घर तिचं आहे."

तेवढ्यात कुंपणापलीकडून टिकारामने हाक दिली. तो रूपरावचा शेजारी, जिभेने तिखट. "काय पाटील, भातुकली मांडली का? भाजी कायची केली आज?"

रूपराव धोतर झटकून उठला आणि तडक घरी गेला. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो खाटेवरून उठेना. तेव्हा एरवी मान खाली घालून राहणारी जयवंता दारात उभी राहिली.

"लोकायले हसू द्या ना. लोकं काय आपल्या पोरीसोबत दिवसभर कोंडून राह्यतात? चला!"

तो गेला. मग जात राहिला. लीलाने दिलेली मातीची भाकर त्याने खाल्ल्यासारखी केली, तिने सांगितल्या जागी तो बसला. दर वेळी ती दार नसलेलं घर बांधायची आणि घरी परतली, की आढ्याकडे बोट दाखवायची.

एका बाजाराच्या दिवशी जयवंताने पदराआडून लाकडी बैल काढला आणि लीलासमोर ठेवला.

"तो काऊन काढला?" रूपराव ओरडला. "ठेव वर! आत्ताच्या आत्ता!"

"रूपराव," सुलोचनाबाई हळूच म्हणाल्या, "इथे कोण सांगतं आणि कोण ऐकतं?"

तो खाली बसला.

लीलाने मातीत लांब चर खणला आणि करवंटीने पाणी ओतलं. नहर झाला. तिने बैल पाण्यात सोडला. बापाच्या हातात चिंधीची बाहुली दिली आणि त्याला चराच्या खालच्या टोकाला बसवलं. स्वतः वरच्या टोकाला गेली, बापाकडे पाठ केली, दोन दगड पुढे घेतले आणि त्यांना घासू लागली. घासता घासता तोंडाने आवाज काढू लागली, "छन्न, छन्न, छन्न."

रूपरावला आधी कळलं नाही. मग कळलं. त्या दिवशी त्याने हौसेने बैलांच्या गळ्यात नव्या घुंगरमाळा बांधल्या होत्या. धुवायच्या आधीच! साऱ्या गावाने ऐकाव्या म्हणून!

लीलाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ती वाट पाहत होती.

"बाबा," रूपराव बाहुलीच्या वतीने म्हणाला.

तिने मान हलवली. जोरात.

"बाबा! दादा पडला!"

"छन्न! छन्न! छन्न!" लीलाने पाठ फिरवून घुंगरांचा आवाज वाढवला. तो ओरडत गेला, ती वाजवत गेली. एकदम ती थांबली. चालत त्याच्यापर्यंत आली, बाहुलीचे खांदे धरले, गदागदा हलवले. आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडून शब्द आले. शब्द तिचे नव्हते, बापाचे होते.

"काऊन नाई ओरडली तू?"

जयवंताने तोंडात पदर कोंबला. या खेळात उत्तर रूपरावलाच द्यायचं होतं.

"ओरडली होती मी!" तो ओक्साबोक्शी रडत म्हणाला. "ओरडली होती! तुलेच ऐकू नाई आलं, बाबा! तुलेच!"

लीला त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने बाहुली काढून घेतली आणि तिच्या जागी स्वतः त्याच्या मांडीत जाऊन बसली.

ती लगेच घडाघडा बोलू लागली नाही. आधी "पाणी", मग "माय", मग हळूहळू बाकीचं. मात्र रूपरावने त्याच संध्याकाळी दाराची कडी खिळ्यांसकट उपटली. लीला रोज बालवाडीत जाऊ लागली. पुढे टिकारामच्या घरची दोन पोरंही तिथेच आली. टिकारामला कुंपणापलीकडून आत यायला वेळ लागला, पण आला.

पुढचा पोळा आला. बैल नहरावर नेताना रूपरावने घुंगरमाळा घरीच ठेवल्या. आधी धुणं, मग साज, असं त्याने सगळ्यांना सांगितलं आणि लोकांनी मानलं. काठावर लेकरांजवळ बसायला दोन जाणती माणसं नेमली. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लीला हरिदासचा बैल ओढत घरोघर बोजारा मागत फिरली. लोक तिच्या हातावर खाऊ ठेवत होते, पैसे ठेवत होते. रूपराव मागे चालत होता. दोनदा त्याचा हात पुढे झाला, पण त्याने तिचा हात धरला नाही.

आपल्या भीतीची कडी आपण लेकरांच्या दाराला लावतो आणि तिला माया म्हणतो. दुःखात तोंडून निघालेला एक शब्द आपण विसरून जातो, लेकरू मात्र तो घेऊन अंधारात बसतं. ते बोलत नसेल तर दटावू नका, मुकं म्हणू नका. त्याच्यासमोर जमिनीवर बसा आणि ते म्हणेल तो खेळ खेळा. लोक हसतील, तर हसू द्या. गल्लीतून जाताना एखाद्या दाराच्या फटीत बोटं दिसली, तर पुढे जाऊ नका. थांबा. आणि आपल्या गळ्यातली घुंगरं जरा वेळ काढून ठेवा, म्हणजे लेकराची हाक ऐकू येईल.