ग्रंथालयाच्या मशीनवरची पत्रं

चष्म्याच्या दुकानात भिंगं तपासणाऱ्या ताईंचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. "हिला 'आज सोमवार' म्हणा, ही कॅलेंडर बघून येईल," असं यजमान म्हणत. मुलीला फिट्स येऊ लागल्या तेव्हा ताईंनी एक ई-मेल गट सुरू केला. एकानं पत्र लिहिलं की ते दोनशे जणांना जायचं. कुणाला स्वयंपाकघरात फिट आली, कुणाचं औषध बदललं, कुणी नोकरीच्या ठिकाणी आजार लपवला. अकरा वर्षं हा गट सार्वजनिक ग्रंथालयाच्या मशीनवर, म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर, चालला होता.

आता ग्रंथालयाचं पत्र आलं. जुनं मशीन बंद होणार होतं. नव्यावर यायचं की दुसरीकडे जायचं, ते महिनाअखेर कळवायचं होतं.

"कंपनीकडे जा वहिनी," दीर म्हणाला. त्याच्या ऑफिसचे गट एका कंपनीकडे होते. "दिसायला छान, मोबाइलवर झकास चालतं, आणि फुकट."

"मग त्यांचं पोट कशावर भरतं?"

"जाहिराती असतील. आपल्याला काय त्याचं?"

ताईंनी वाद घातला नाही. दिराला शेजारी बसवून त्यांनी कंपनीकडे एक खोटा गट काढून घेतला. त्यात त्या, यजमान आणि नणंद, एवढेच. मग रोज यजमानांच्या घोरण्यावर पत्रं लिहिली. पाचव्या दिवशी यजमान मोबाइल नाचवत आले.

"अगं, घोरणं थांबवायच्या उशा मला कोण विकतंय?"

नणंदेची हसून मुरकुंडी वळली. ताई हसल्या नाहीत. "आज उशी, उद्या आपल्या पोरीच्या गोळ्या," असं म्हणून, गटात कुणालाही न विचारता, त्यांनी ग्रंथालयाला होकार कळवून टाकला.

दोनच दिवसांनी गटातल्या एका बालवाडीच्या बाईंचा फोन आला. "मुख्याध्यापिकांनी विचारलं, फिट येते हे का लपवलंत? माझं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं त्यांनी. ते मी फक्त आपल्या गटावर लिहिलं होतं हो!"

झालं, ताईंच्या डोक्यात किडा वळवळू लागला. गटात नवा आलेला एक औषधदुकानदार नुसता वाचायचा, एक ओळ लिहीत नसे. त्यांनी त्याला तिरकस पत्र पाठवलं. उत्तर आलं, "माझ्या भावाला फिट्स येतात. काय लिहावं सुचत नाही, म्हणून वाचतो." मग आठवलं, खोटा गट काढताना दीर आपल्या कॉम्प्युटरवर तासभर बसला होता. त्यांनी त्याला तोंडावर विचारलं.

"तुम्ही मला चोर ठरवताय, वहिनी?" तो अर्धा चहा ठेवून उठला.

शेवटी ताईंनी बाईंचं ते वाक्य इंटरनेटवर शोधलं. पहिलाच पत्ता ग्रंथालयाचा निघाला. बाईंचं नाव, तारीख, अख्खं पत्र. त्याखाली अकरा वर्षांची सगळी पत्रं, कुणीही यावं आणि वाचावं. त्यांच्या मुलीच्या पहिल्या फिटचंही होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्या तरातरा ग्रंथालयात गेल्या. तिथला तंत्रज्ञ शांतपणे म्हणाला, "जुनी पत्रं सगळ्यांना दिसावीत की फक्त सभासदांना, हे गट चालवणारा ठरवतो. पहिल्या दिवसापासून 'सगळ्यांना' आहे. तुम्ही बदललंच नाहीत."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

सरकारी जागा म्हटल्यावर त्यांनी ती तपासलीच नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे पत्रं बाहेरच्यांसाठी बंद करून घेतली, शोधातून काढून टाकायला लावली, आणि घरी येऊन गटाला लिहिलं. काय झालं, किती वर्षं झालं, चूक कुणाची, सगळं लिहिलं. कंपनीचा उशांचा किस्साही सांगितला आणि कुठे जायचं ते सभासदांवर सोपवलं.

बहुतेकांनी ग्रंथालयच निवडलं, पण एका अटीवर: गटाच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, ताईंबरोबर आणखी दोघांकडे राहतील. त्यातला एक तो औषधदुकानदार. ताईंनी मुकाट्यानं मान्य केलं. दिराकडे त्या स्वतः गेल्या. तो बोलला, पण तुटक.

बाईंना वर्गावरून काढून कचेरीत बसवलं होतं. ताई मुख्याध्यापिकांना भेटायला निघाल्या, तर बाईंनीच अडवलं. "नको ताई, आता माझ्यासाठी काही करू नका," त्या म्हणाल्या, आणि गटातून त्यांनी नाव काढून घेतलं.