सेंगकांगमधली बर्फाची बेगमी

निशिकांतला घरात स्वतःची एक जागा हवी होती. ऑफिसच्या मीटिंगा जेवणाच्या टेबलावर आणि मागे कुकरच्या शिट्ट्या, हे आता पुरे झालं होतं. सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये दार लावून बसता येईल अशी एकच खोली उरली होती: इथल्या नव्या फ्लॅटांत असतंच ते बॉम्ब शेल्टर. युद्धासाठी बांधलेल्या त्या जाड भिंतींच्या आड सध्या गणपतीचं मखर, भाजणीचे डबे आणि बायकोचं, अरुणाचं, गरम कपड्यांचं गाठोडं सुरक्षित होतं.

शनिवारी सकाळी त्याने गाठोडं बाहेर काढलं.

"विषुववृत्तावर राहतो आपण. कानटोप्या कशाला?"

"राहू दे रे. लागतात कधी कधी."

"कधी लागल्या?"

"अजून नाही लागल्या."

तेवढ्यात लेक आर्या आली. सोमवारी तिचा शाळेत वादविवाद होता: क्वचित येणाऱ्या बर्फाच्या वादळासाठी शहरांनी बजेट ठेवावं का? तिच्या वाट्याला 'ठेवावं' आलं होतं. बर्फ तिने पाहिला होता तो फक्त आइस कचांगच्या वाटीत, किसून वर सरबत ओतलेला.

"बाबा, तू ऑपोझिशन हो ना."

निशिकांत खुलला. गाठोड्यावरच ठाण मांडून म्हणाला, "कधीतरी येणाऱ्या बर्फासाठी यंत्रं घ्यायची, गंजवत ठेवायची, वर जागा अडवायची! आणि ज्याला ती जागा रोज हवीय, त्या माणसाने काय करायचं?"

शेवटचं वाक्य बर्फाबद्दल नव्हतं, हे अरुणाला कळलं.

आर्याने शेल्टरच्या पोलादी दाराकडे बोट दाखवलं. "इथे बॉम्ब किती पडले, बाबा?"

"एकही नाही."

"झीरो, लाह! मग ही रूम वेस्ट?"

"ते वेगळं. उद्या पडलाच तर..."

"अडकला! बाबा अडकला!"

"बेगमी म्हणतात त्याला," स्वयंपाकघरातून अरुणा म्हणाली.

"बेगमी? लाइक, बेगम?"

"हो. बेगम करते ती बेगमी. बादशहा नुसते वाद घालतात."

ऑपोझिशनने आणखी एखादा मुद्दा आठवून पाहिला. मग उठून गाठोडं उचललं.

"वरच्या फळीवर ठेव," अरुणा म्हणाली. "खाली मोकळं राहू दे. बॉम्ब पडला तर तिघांना बसायला जागा लागेल."

"आणि बर्फ पडला तर?"

"तुझी कानटोपी सगळ्यात वर आहे."

त्याने गाठीत बोटं घालून चाचपलं. होती.

निशिकांतची सोमवारची मीटिंग जेवणाच्या टेबलावरच झाली. कुकरची शिट्टी व्हायच्या आत अरुणाने गॅस बंद केला.